धागा: वाचायचा हक्क दिलाय, तरी दर पंधरवड्याला 'परमिशन डिनाइड'

काटापेटी | सोमवार, रात्री १०.२०

मंडळी, मी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि प्रिंटर दुरुस्त करणारा एक मुलगा. कारखाना कुठला ते विचारू नका.

डेटाबेस पोस्टग्रेस १२, सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचं. गेल्या हंगामापर्यंत आमच्याकडे सगळे एकाच लॉगिनने आत शिरायचे, सुपरयुजर 'पोस्टग्रेस', म्हणजे ज्याला कशालाच आडकाठी नाही असं खातं. पासवर्ड वजनकाट्यावरच्या मॉनिटरला चिकटपट्टीने लावलेला. फेब्रुवारीत शेतकी खात्यातल्या एकाने एका शेतकऱ्याच्या नोंदीत उसाचा वाण दुरुस्त करायला अपडेट मारला आणि व्हेअर (कोणत्या ओळी बदलायच्या ती अट) लिहायचा राहिला. अख्ख्या कार्यक्षेत्रात को ८६०३२ लागला! आमच्याकडे तसाही निम्म्याहून जास्त ऊस त्याच वाणाचा, त्यामुळे दोन दिवस कोणाच्या ध्यानातच आलं नाही. बॅकअप होता म्हणून निभावलं.

त्या दिवशी ठरवलं, ज्यांना फक्त अहवाल बघायचेत त्यांना फक्त वाचायचा हक्क द्यायचा. हे केलं (आज्ञा मुद्दाम देवनागरीत लिहितोय, म्हणजे कोणी डोळे झाकून कॉपी-पेस्ट करणार नाही; रोल म्हणजे ज्याच्या नावाने हक्क देतात ते खातं किंवा गट, स्कीमा म्हणजे टेबलांचा कप्पा, ग्रँट म्हणजे हक्क देणं, सिलेक्ट म्हणजे वाचणं):

क्रिएट रोल अहवाल_वाचक नोलॉगिन;
ग्रँट कनेक्ट ऑन डेटाबेस कारखाना टू अहवाल_वाचक;
ग्रँट युसेज ऑन स्कीमा ऊस टू अहवाल_वाचक;
ग्रँट सिलेक्ट ऑन ऑल टेबल्स इन स्कीमा ऊस टू अहवाल_वाचक;
ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस इन स्कीमा ऊस ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू अहवाल_वाचक;
ग्रँट अहवाल_वाचक टू शेतकी_१;

जुनी टेबलं झकास उघडतात. पण ऊस बिल पंधरवड्याचं असतं आणि हे सॉफ्टवेअर दर पंधरवड्याला नवीन टेबल बनवतं: बिल_पं०१, बिल_पं०२ असं. नवीन टेबल आलं की शेतकीवाल्यांना 'परमिशन डिनाइड फॉर टेबल'. मग मी चौथी ओळ परत चालवतो की चालू. १ आणि १६ तारखेला सकाळी सातला मला फोन येतो. डिफॉल्ट प्रिव्हिलेजेसची ओळ त्याचसाठी होती ना? मग ती करते काय?

---

गरम_शेव | सोमवार, रात्री १०.४१

फ्लश प्रिव्हिलेजेस मारून बघ.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०.५५

शेवभाऊ, ते मायएसक्यूएलचं. पोस्टग्रेसमध्ये ती आज्ञाच नाही. आणि मायएसक्यूएलमध्येसुद्धा ग्रँट लिहिल्यावर फ्लश लागत नाही. हक्कांच्या सिस्टीम टेबलांत थेट इन्सर्ट-अपडेट केलं असेल तरच लागतो. वीस वर्षं लोक देवाला नारळ फोडल्यासारखं फोडतायत.

काटापेटी, एकच सांगा. नवीन टेबलाचा मालक कोण? पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसच्या कमांड-लाइनवर) बॅकस्लॅश डीटी मारा, ओनरचा कॉलम बघा. आणि तुमच्या सहा ओळी कोणत्या लॉगिनने चालवल्या?

---

काटापेटी | सोमवार, रात्री ११.१२

मालक 'साखर_अॅप'. कंपनीचं सॉफ्टवेअर त्याच लॉगिनने जोडतं. ओळी मी 'पोस्टग्रेस' म्हणून चालवल्या, सुपरयुजर आहे म्हणून.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.३०

सापडलं. गोम तिथेच आहे.

'ऑन ऑल टेबल्स' हे नाव फसवं आहे. त्या क्षणी स्कीमात जेवढी टेबलं आहेत तेवढ्यांनाच ते लागू होतं. म्हणजे हजेरी घेतली, उद्या भरती झालेला पोरगा त्या हजेरीत नाही. उद्याच्यासाठी डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस. ही दोन्ही सोय एकाच वेळी आली, ९.० आवृत्तीत, २०१० साली.

पण डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस स्कीमाला चिकटत नाहीत, टेबल बनवणाऱ्याला चिकटतात. तुम्ही ओळ 'पोस्टग्रेस' म्हणून चालवलीत, त्याचा अर्थ झाला: 'मी, पोस्टग्रेस, ऊस स्कीमात यापुढे जी टेबलं बनवीन, ती अहवाल_वाचकला दाखवा.' तुम्ही एकही टेबल बनवत नाही, बनवतं साखर_अॅप. त्याच्या वतीने कोणी काही बोललेलंच नाही. सुपरयुजर असण्याचा इथे उपयोग एवढाच की दुसऱ्याच्या वतीने बोलायची मुभा आहे, पण बोलावं तर लागतं:

ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस फॉर रोल साखर_अॅप इन स्कीमा ऊस ग्रँट सिलेक्ट ऑन टेबल्स टू अहवाल_वाचक;

सगळी मेख त्या 'फॉर रोल' मध्ये. ही ओळ मागे जाऊन काही करत नाही, म्हणून चौथी ओळ शेवटची एकदा चालवा. नंतर बॅकस्लॅश डीडीपी मारलं की कोणाच्या नावाने काय ठरलंय ते दिसेल. तुमची जुनी ओळ पण तिथे 'पोस्टग्रेस'च्या नावाने बसलेली असेल, बिचारी, कधीच न येणाऱ्या टेबलाची वाट बघत.

---

वडगावचा_पूल | मंगळवार, सकाळी ८.०५

एवढा खटाटोप कशाला? पीजी_रीड_ऑल_डेटा नावाचा तयार रोल आहे. ग्रँट पीजी_रीड_ऑल_डेटा टू शेतकी_१, विषय संपला. आजची-उद्याची सगळी टेबलं, व्ह्यू (टेबलावरच्या साठवून ठेवलेल्या क्वेरी), स्कीमे सगळं उघडतं.

---

रात्रपाळी | मंगळवार, सकाळी ८.२०

तो रोल १४ मध्ये आला, यांचं १२ आहे. आणि असता तरी मी दिला नसता. त्यात सभासदांचे बँक खाते क्रमांकपण दिसतात. शेतकी खात्याला ते कशाला?

(काटापेटी, १२ला नोव्हेंबर २०२४ पासून कसलीही दुरुस्ती येत नाही. हंगाम संपला की आवृत्ती बदला.)

---

काटापेटी | मंगळवार, दुपारी १.४०

फॉर रोल घालून केलं. खात्री १६ तारखेलाच होईल, पण डीडीपीमध्ये दिसतंय. काय बोलू! दोन महिने सकाळची झोप गेली होती.

बँक खात्याचं मात्र बरोबर बोललात, माझ्या डोक्यातच नव्हतं. सभासद टेबलवर तो हक्क काढायला आत्ता हे चालवलं:

रिव्होक सिलेक्ट (खाते_क्रमांक) ऑन ऊस.सभासद फ्रॉम अहवाल_वाचक;

'रिव्होक' असं उत्तर आलं, चूक नाही. झालं ना?

---

ओसरीवरचे_काका | मंगळवार, दुपारी ३.१५

नाही झालं. शेतकी_१ ने आत जा आणि खाते_क्रमांक मागून बघ.

पूर्ण टेबलाचा सिलेक्ट एकदा दिलास की तो टेबलाच्या पातळीवर नोंदला जातो. कॉलमच्या पातळीवर तू काही दिलंच नव्हतंस, तर काढणार काय? डेटाबेस निमूटपणे 'रिव्होक' म्हणतो आणि काहीच बदलत नाही. अख्ख्या घराची किल्ली देऊन नंतर 'देवघरात जाऊ नको' असं सांगितल्यासारखं. आधी टेबलाचा हक्क काढ, मग हवे ते कॉलम नावानिशी दे:

रिव्होक सिलेक्ट ऑन ऊस.सभासद फ्रॉम अहवाल_वाचक;
ग्रँट सिलेक्ट (सभासद_क्र, नाव, गाव, गट) ऑन ऊस.सभासद टू अहवाल_वाचक;

यात दोन कटकटी. एक, आता 'सिलेक्ट तारांकित' (सगळे कॉलम एकदम मागणं) चालणार नाही, लगेच परमिशन डिनाइड. अहवालाची बरीच साधनं नमुना दाखवायला तेच करतात. दुसरी, उद्या तू सवयीने परत 'ऑन ऑल टेबल्स' चालवलंस की खाते क्रमांक पुन्हा उघडा. मी तुझ्या जागी असतो तर 'अहवाल' नावाचा वेगळा स्कीमा करून त्यात फक्त व्ह्यू ठेवले असते आणि वाचकाला त्याच स्कीमाचा युसेज दिला असता, 'ऊस'चा नाहीच. व्ह्यू आपल्या मालकाच्या हक्काने आतलं टेबल वाचतो, वाचकाला मूळ टेबलाचा हक्क लागत नाही. १५ पासून सिक्युरिटी इन्व्होकर म्हणून उलटी सोय आली आहे, ती चालू केलीस तर मात्र बघणाऱ्याचेच हक्क तपासले जातात.

मी आयुष्यभर ओरॅकलवर होतो. तिथे एक वेगळंच नाटक: रोलमधून मिळालेला हक्क साध्या स्टोअर्ड प्रोसिजरच्या (डेटाबेसातच साठवलेल्या प्रोग्रामच्या) आत चालत नाही. त्या प्रोसिजरच्या भाषेत, पीएलएसक्यूएलमध्ये, तीच क्वेरी लिहिली की 'टेबल अस्तित्वात नाही'. हाताने चालवली की चालते! नवीन आलेली पोरं रडकुंडीला यायची. तिथे हक्क थेट प्रोसिजरच्या मालकाला द्यावा लागतो, रोलमार्फत नव्हे.

---

गरम_शेव | मंगळवार, संध्याकाळी ६.०२

काका, आमच्या मायएसक्यूएल ८ मध्ये पण तस्संच काहीतरी होतंय. रोल बनवला, रोलला सिलेक्ट दिला, युजरला रोल दिला. शो ग्रँट्समध्ये दिसतोय. लॉगिन केलं की अॅक्सेस डिनाइड. आणि हो, फ्लश मारून झालाय 😅

---

ओसरीवरचे_काका | मंगळवार, संध्याकाळी ६.३०

सिलेक्ट करंट_रोल() चालव. 'नन' येईल.

मायएसक्यूएलमध्ये रोल ८.० मध्ये, २०१८ ला आले. तिथे रोल देणं आणि रोल अंगावर चढवणं या दोन गोष्टी. तू गणवेश शिवून दिलास, पोरगा तो न घालताच शाळेत गेला.

सेट डिफॉल्ट रोल ऑल टू तो युजर;

किंवा सर्व्हरवर अॅक्टिव्हेट_ऑल_रोल्स_ऑन_लॉगिन चालू कर, मुळात ते बंद असतं. पोस्टग्रेसमध्ये रोल आपोआप अंगावर येतो, नोइनहेरिट लिहिलं नसेल तर.

आणि युजरचं नाव लिहिताना होस्ट बघ. मायएसक्यूएलमध्ये लोकलहोस्टवरचा 'अहवाल' आणि दुसऱ्या मशीनवरून येणारा 'अहवाल' ही दोन वेगळी खाती असतात. एकाला हक्क देऊन दुसऱ्याने लॉगिन करणारे रोज भेटतात.

---

गरम_शेव | मंगळवार, संध्याकाळी ६.४४

ननच होतं. चाललं. काका, चहा माझ्याकडून.

---

भरलेलं_रिकामं | मंगळवार, रात्री ९.१०

काट्याचा विषय निघालाय म्हणून लिहिते. मी वजनकाट्यांची सॉफ्टवेअरं लिहिते, स्वतःची, छोटी. काट्याच्या संगणकाला आम्ही स्वतंत्र लॉगिन देतो आणि त्याचे हक्क अगदी मोजून मापून. गाडी आली की भरलेलं वजन, खाली होऊन आली की रिकामं वजन, वजाबाकी म्हणजे ऊस. म्हणजे काट्याला हवं काय? नवी पावती घालायला इन्सर्ट आणि फक्त रिकाम्या वजनाचा अपडेट:

ग्रँट इन्सर्ट, सिलेक्ट ऑन पावती टू काटा_१;
ग्रँट अपडेट (रिकामं_वजन, रिकामी_वेळ) ऑन पावती टू काटा_१;

भरलेलं वजन एकदा नोंदलं की काटा_१ ते बदलू शकत नाही. कोणाचाही फोन आला तरी. (ज्यांनी काट्यावर काम केलंय त्यांना मी काय म्हणते ते कळेल.)

यात मी दोनदा आपटले. सिलेक्ट दिलाच नव्हता, 'फक्त अपडेट करायचाय ना' म्हणून. पण व्हेअर पावती_क्र बरोबर अमुक, असं लिहिलं की तो कॉलम वाचावा लागतो, आणि वाचायला सिलेक्ट लागतो. दुसरं, पावती_क्र सीरियल (आपोआप वाढणारा क्रमांक) होता. इन्सर्ट दिलेला असूनही 'परमिशन डिनाइड फॉर सीक्वेन्स'. सीरियलच्या मागे सीक्वेन्स ही वेगळी वस्तू असते, तिचा युसेज वेगळा द्यावा लागतो. आयडेंटिटी कॉलम वापरला की ही भानगड नाही, आता नवीन सगळं त्यातच करते.

---

वडगावचा_पूल | मंगळवार, रात्री ९.३५

पण ताई, रिकामं वजन तर तो कितीदाही बदलू शकतो. भरलेलं तसंच ठेवून रिकामं दोनशे किलोने कमी केलं की ऊस दोनशे किलोने वाढला.

---

भरलेलं_रिकामं | मंगळवार, रात्री १०.०५

अगदी बरोबर, आणि तिथे ग्रँट संपतो. ग्रँटला कॉलम कळतो, ओळ कळत नाही. त्याच्यासाठी रो लेव्हल सिक्युरिटी (आरएलएस, ओळीनिहाय हक्क), ९.५ पासून आहे. टेबलवर ती चालू करायची आणि अपडेटची पॉलिसी लिहायची: युझिंग (रिकामं_वजन इज नल) विथ चेक (ट्रू). युझिंग म्हणजे कोणत्या ओळीला हात लावता येईल, विथ चेक म्हणजे बदललेली ओळ कशी चालेल, आणि नल म्हणजे अजून नोंदलेलंच नाही.

ते 'विथ चेक' विसरू नका. ते नाही लिहिलं तर युझिंगचीच अट बदललेल्या ओळीलाही लागते. नवीन ओळीत रिकामं वजन भरलेलं असणार, म्हणजे नल नाही, म्हणजे पहिल्याच खेपेला नकार. मी पहाटे तीनला, बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना हे शिकले. सिलेक्ट आणि इन्सर्टच्या पॉलिसी पण लिहा. एकदा आरएलएस चालू झालं की ज्याची पॉलिसी नाही ते बंद.

आणखी एक. दुसऱ्यांदा वजन बदलायला गेलं तर चूक येत नाही, 'अपडेट ०' एवढंच येतं. सॉफ्टवेअरने ते शून्य बघितलं नाही तर काटेवाल्याला वाटतं झालं. टेबलाचा मालक आणि सुपरयुजर यांना यातलं काहीच लागू नाही. मालकाला लागू करायचं तर फोर्स लिहावं लागतं, सुपरयुजर कायमच मोकळा.

---

काटापेटी | बुधवार, सकाळी ११.२०

ताई, तुमची शेवटची ओळ वाचून पोटात गोळा आला. आमचं साखर_अॅप सुपरयुजर आहे. कंपनीने सांगितलं होतं, 'सुपरयुजर द्या, नाहीतर सॉफ्टवेअर चालणार नाही.' मी काल विचारलं का, तर म्हणे बँकेची फाइल. बिलाची रक्कम खात्यांवर टाकायला बँकेला फाइल द्यावी लागते, ती सर्व्हरच्या एका फोल्डरमध्ये बनते. त्याला सुपरयुजरच लागतो म्हणे.

आणि जाता जाता दुसरा प्रश्न. जुन्या अकाउंटवाल्याचा रोल आहे, माणूस दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला. ड्रॉप रोल म्हटलं की 'काही वस्तू यावर अवलंबून आहेत'. कुठेतरी वाचलं ड्रॉप ओन्ड बाय म्हणून. ते चालवू?

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११.२२

थांबा!!! चालवू नका.

---

रात्रपाळी | बुधवार, सकाळी ११.३८

आता नीट लिहितो. ड्रॉप ओन्ड बाय म्हणजे त्या माणसाच्या मालकीची जी टेबलं त्या डेटाबेसात असतील ती सगळी पाडणे. त्याने कधीकाळी बनवलेलं टेबल आज ताळेबंदाला लागत असेल, तर गेलं. आधी मालकी हलवा:

बिगिन;
रिअसाइन ओन्ड बाय जुने_अकाउंट टू साखर_मालक;
ड्रॉप ओन्ड बाय जुने_अकाउंट;

रिअसाइननंतर त्याच्या नावावर टेबलं उरत नाहीत, त्यामुळे ड्रॉप ओन्ड फक्त त्याला मिळालेले उरलेसुरले हक्क झाडून काढतं. बॅकस्लॅश डीटीने बघा सगळं जागेवर आहे का, मग कमिट. शंका आली तर रोलबॅक. पोस्टग्रेसमध्ये ग्रँट, रिव्होक, ड्रॉप सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं, ही मोठी सोय. (शेवभाऊ, मायएसक्यूएलमध्ये असं करायला जाऊ नका, तिथे ग्रँट लिहिला की आपोआप कमिट.) ज्या ज्या डेटाबेसात त्याचं काही असेल तिथे हे वेगवेगळं करावं लागतं, शेवटी एकदाच ड्रॉप रोल.

साखर_मालक हा नोलॉगिन रोल नवीन बनवा. टेबलांची मालकी कधीच माणसाच्या नावावर ठेवू नका, म्हणजे पुढचा निवृत्त झाला की ही वेळ येणार नाही. ड्रॉप टेबल आणि ऑल्टर टेबल हे हक्क ग्रँटने देताच येत नाहीत, ते मालकीबरोबर येतात.

बँकेच्या फाइलचं: ते 'कॉपी टू' (टेबलातला डेटा फाइलमध्ये लिहिणारी आज्ञा) वापरत असणार. ११ पासून त्याला सुपरयुजर लागत नाही, पीजी_राइट_सर्व्हर_फाइल्स हा रोल दिला की पुरतं. पण तो रोलही साधा नाही. सर्व्हर ज्या ज्या जागी लिहू शकतो तिथे सगळीकडे तो लिहू शकतो, त्यातून सुपरयुजरपर्यंत पोचता येतं. त्यापेक्षा त्यांना सांगा, फाइल क्लायंटच्या बाजूला बनवा, कॉपी टू एसटीडीआउट वापरून. त्याला टेबल वाचायच्या हक्कापलीकडे काही लागत नाही. दोन ओळींचा बदल आहे.

---

ओसरीवरचे_काका | बुधवार, दुपारी १२.१०

आवृत्ती बदलशील तेव्हा पब्लिककडे बघ. दोन पब्लिक आहेत आणि दोघांत फार घोळ होतो. एक पब्लिक नावाचा स्कीमा. दुसरं पब्लिक म्हणजे 'सर्व रोल', गावजेवणच म्हण, आमंत्रण नसलेलाही जेवून जातो. पूर्वी गावजेवणाला पब्लिक स्कीमात टेबल बनवायची मोकळीक होती. १५ मध्ये ती काढली. पण फक्त नव्या डेटाबेससाठी! जुना डेटाबेस डंप घेऊन १५ वर किंवा पुढे नेलास तर जुनी मोकळीक त्याच्यासोबत येते. हाताने काढ:

रिव्होक क्रिएट ऑन स्कीमा पब्लिक फ्रॉम पब्लिक;

यातला पहिला पब्लिक स्कीमा, दुसरा गाव. तसंच डेटाबेसला कनेक्ट करायचा हक्कही मुळात गावाला असतो. तू अहवाल_वाचकला दिलेला कनेक्ट त्यामुळे शोभेचा आहे, जोवर गावाचा काढत नाहीस तोवर.

---

वडगावचा_पूल | बुधवार, दुपारी १२.४०

पंधरवड्याला एक टेबल हा प्रकारच मला झेपत नाहीये. एकच बिल टेबल आणि त्याखाली पंधरवड्याची पार्टिशन्स (एका टेबलाचे तुकडे) का नाहीत? आईच्या टेबलमधून वाचलं की हक्क आईचाच तपासला जातो, लेकरांचा नाही. हा धागाच निघाला नसता.

---

काटापेटी | बुधवार, दुपारी १.०५

कंपनीला सांगून बघतो. गेल्या वेळी प्रिंटचा फाँट बदलायला आठ महिने लागले होते.

---

काटापेटी | १६ तारीख, सकाळी ७.३५

सकाळी ७ ला पंधरवड्याचं नवीन टेबल बनलं. ७.१० ला मी बॅकस्लॅश डीपी मारलं: अहवाल_वाचकसमोर नुसता 'आर'. आर म्हणजे रीड, बाकी एकही अक्षर नाही. शेतकीचा फोन आला नाही.

जुन्या अकाउंटवाल्याच्या नावावर तीन टेबलं निघाली. त्यातलं एक ठेवींचं, अजून रोज वापरात आहे. रात्रपाळी, तुमचे ते तीन उद्गारचिन्ह मी स्क्रीनशॉट काढून ठेवलेत.

साखर_अॅपचा सुपरयुजर अजून तसाच आहे. कंपनीचा माणूस गाळप थांबल्यावर येतो म्हणालाय, कॉपीच्या ओळी बदलायला. तोवर काट्याला आरएलएस लावण्यात अर्थ नाही, कारण काटा त्याच लॉगिनने चालतो. धागा उघडा ठेवा, तो येऊन गेला की लिहितो.